अनुभव धागा : फोनवरच्या गाण्यांसाठी बिनतारी हेडफोन निवडताना

माझ्या आईला तिच्या फोनवरून गाणे ऐकण्यासाठी बिनतारी हेडफोन घ्यायचे आहेत. तिचे वय ७४ आहे, उजव्या कानामागे श्रवणयंत्र असते आणि तिच्या ऐकण्यात ख्याल आणि नाट्यसंगीत यांखेरीज फारसे काही नसते. २०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनची पिन लावण्याची जागा गेली आणि पुढे अँड्रॉइडच्याही बऱ्याच फोनांतून ती नाहीशी झाली, त्यामुळे घरातली वायरची जुनी जोडी चांगल्या अवस्थेत असूनही तिच्या नव्या फोनला लावता येत नाही. दुकानात खोक्यावरचे आकडेच पुढे केले जातात, म्हणून पुण्यातल्या ऐकणाऱ्यांना विनंती आहे की त्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत. केवळ मॉडेलचे नाव लिहून थांबू नये. आपण काय ऐकता, कुठे ऐकता, घेण्यापूर्वी काय पडताळले आणि वापरात काय खटकले, हे सविस्तर यावे. प्रत्येकाने वर आपला भाग लिहावा. सुरुवात मी करतो.

सदाशिव पेठ

पहिली जोडी मी लोकांनी दिलेले तारे पाहून मागवली होती. तिच्यात खर्जाचे आवाज मुद्दाम फुगवलेले होते, त्यामुळे डग्ग्याचा प्रत्येक घुमारा गायकाच्या आवाजावर चढून बसे आणि तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची झणझण, ऐकूच येत नसे. दुसऱ्या वेळी बुधवार पेठेतल्या एका दुकानात गेलो तेव्हा भीमपलासीच्या विलंबित ख्यालाचे मला पाठ असलेले ध्वनिमुद्रण फोनमध्ये घेऊन गेलो. दुकानदाराने लावलेले गाणे बंद करून आधी फक्त तानपुरा ऐकला. जोडीच्या दोन तारा एकमेकींत मिसळूनही वेगळ्या कळतात का, डग्ग्यावर मनगट दाबून काढलेली मींड, म्हणजे घसरत जाणारा नाद, स्वर म्हणून ऐकू येते की नुसता धक्का म्हणून, आणि तानेआधी गायकाने घेतलेला श्वास कळतो का, एवढेच मी पाहिले. एका जोडीत डग्गा पोकळ वाटला, तेव्हा विक्रेत्याने इक्वलायझर, म्हणजे खर्ज-तीव्र आवाज कमी-जास्त करण्याची सोय, बदलायला सांगितले; मी कानातले रबर बदलले. उजव्या कानाला मोठे आणि डाव्याला मधले रबर बसवल्यावर डग्गा भरून आला, कारण कानाशी फट राहिली की खर्ज तिच्यातून निसटतो. तेव्हापासून रबराची सगळी मापे लावून पाहिल्याशिवाय मी कोणत्याही जोडीला बरे-वाईट म्हणत नाही.

वनाझ

मी रोज वनाझहून रामवाडीपर्यंत मेट्रोने आणि पुढे बसने खराडीला जाते. त्यामुळे नॉइज कॅन्सलेशन असलेलीच जोडी घ्यायची, हे आधीच ठरले होते. तिच्यात बाहेरचा आवाज बारीक मायक्रोफोन टिपतात आणि त्याच्या बरोबर उलटी लहर कानात सोडली जाते. त्यामुळे बसच्या इंजिनाची घरघर आणि वातानुकूलनाची एकसुरी घूं-घूं विरून जाते, पण हॉर्न, कंडक्टरची शिट्टी आणि शेजारच्या आसनावरचे संभाषण बऱ्यापैकी येत राहते. संपूर्ण शांततेची अपेक्षा ठेवून घेणाऱ्याची निराशा होईल. दुकानाच्या आत, जिथे मुळातच शांतता असते, तिथे या सोयीची पारख होत नाही, म्हणून मी विक्रेत्याची परवानगी घेऊन दारात, रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि तीन जोड्या आळीपाळीने लावून पाहिल्या.

मला खरा लाभ झाला तो आवाजाच्या पातळीत. पूर्वी बसमध्ये गाणे ऐकू यावे म्हणून आवाज जवळपास शेवटपर्यंत न्यावा लागे. आता तो निम्म्यावर असतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास, ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा सांगितली आहे आणि ९० डेसिबलला ती अवघ्या ४ तासांवर येते. माझा प्रवासच आठवड्याला बारा तासांचा आहे, त्यामुळे मला ही गोष्ट सुरांच्या दर्जापेक्षाही महत्त्वाची वाटते.

बाणेर

माझा अनुभव चुकीच्या खर्चाचा आहे. कोडेक म्हणजे गाणे ब्लूटूथमधून पाठवण्यासाठी आवळून बांधण्याची पद्धत, आणि ती फोन व हेडफोन या दोघांनाही यावी लागते. एसबीसी ही पद्धत सगळ्यांकडे असते. एलडॅक ही पद्धत सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवू शकते, हे वाचून मी जास्त पैसे मोजले आणि घरी आल्यावर कळले की आयफोन एएसी आणि एसबीसी या दोन पद्धतींपलीकडे जात नाही. अँड्रॉइडमध्ये २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून एलडॅकची सोय आली; तरी फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन ती चालू आहे की नाही, हे स्वतः पाहावे लागते. पुढे मी फोन बदलला. घरात फरक जाणवतो, विशेषतः झांजांच्या आणि सतारीच्या तरफांच्या, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारांच्या, नादात. पण गर्दीच्या ठिकाणी ९९० वर गाणे तुटते, म्हणून मी ते खालच्या पायरीवर आणून ठेवतो. त्याआधी गाण्याच्या अॅपमध्ये दर्जा ‘कमी डेटा’वर तर राहिलेला नाही ना, हे तपासावे. माझा सहा महिने तसाच राहिला होता.

डहाणूकर कॉलनी

मी तबला शिकतो. ब्लूटूथमधून आवाज किंचित उशिरा पोहोचतो. लेहरा, म्हणजे तालाच्या आवर्तनात पुन्हा पुन्हा वाजणारी धून, ऐकत रियाज करताना त्याचा त्रास होत नाही, कारण आपण ऐकू येणाऱ्या लेहऱ्याबरोबरच वाजवतो. त्याच वेळी फोनवर तबल्याचे ध्वनिमुद्रण करून ते मूळ लेहऱ्याशी जुळवले, तेव्हा मात्र प्रत्येक सम मागे पडलेली निघाली. ध्वनिमुद्रणासाठी वायरचेच हेडफोन वापरावेत.

तळजाई

पहाटे टेकडीवर फिरताना मी गालाच्या हाडावाटे आवाज पोहोचवणारी जोडी वापरते. कान मोकळे राहतात, मागून येणारी पावले आणि उतारावरच्या दुचाकी ऐकू येतात. खर्ज तिच्यात फार कमी आहे. गंभीरपणे गाणे ऐकण्यासाठी मी ती सुचवणार नाही. मोकळ्या माळावर आवाज तुटत असे, कारण फोन मागच्या खिशात असे. ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातील पाण्यात शोषल्या जातात आणि घरात जशा भिंतींवरून उलटून येतात तशा माळावर येत नाहीत. आता फोन दंडाच्या पट्ट्यात ठेवते आणि गाणे अखंड चालते.

कसबा पेठ

कानात बसणारी जोडी सव्वादोन वर्षे वापरली. डावा बड दीड तासात बंद पडू लागला, उजवा चार तास चाले. फोनवर बोलण्यासाठी मी नेहमी डावाच लावत असे, त्यामुळे त्याची बॅटरी जास्त वेळा भरली-उतरली आणि लवकर थकली. सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी बदलून मिळत नाही, नवी जोडी सवलतीत मिळेल, असे सांगण्यात आले. बाकी सर्व ठणठणीत असलेली वस्तू केवळ एवढ्याशा सेलसाठी टाकून द्यावी लागली, याचे मला मनापासून वाईट वाटले. आता घेतलेली जोडी कान झाकणारी आहे, तिच्या गाद्या वेगळ्या विकत मिळतात आणि बॅटरी संपली तर वायर लावून ऐकता येते.

सदाशिव पेठ

सर्वांचे आभार. कसब्यातल्या दादांचे वाचून कान झाकणाऱ्या जोड्याच पाहायचे ठरवले आणि शनिवारी आईला सोबत नेले. पहिल्या दोन जोड्यांच्या गाद्या उथळ होत्या. त्या श्रवणयंत्राला टेकल्या की यंत्र शिट्टी वाजवी आणि आई हेडफोन लगेच काढून ठेवी. तिसऱ्या जोडीची वाटी खोल आणि रुंद होती, त्यामुळे कानामागचे यंत्र आणि त्याचा मायक्रोफोन आत मावला आणि शिट्टी थांबली. वनाझच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे तिला दारापाशी नेऊन आवाज निम्म्यावर ठेवला. तिने डोळे मिटून बंदिशीचे अख्खे आवर्तन ऐकले, मात्रा मांडीवर मोजल्या आणि समेवर मान हलवली. तीच जोडी घेतली.