मदत हवी आहे: आमच्या पेगन ग्रुपमधली चर्चा उथळ होत चाललीये, परत खोलात कशी न्यायची?

गंगाकाठ

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणारे, आधीच सांगते. सवडीने वाचा पण वाचा प्लीज.

मी मूळची नाशिकची, अकरा वर्षं झाली इंग्लंडमधल्या लीड्सला राहतेय. इथल्या एका छोट्या पेगन ग्रुपमध्ये मी आठेक वर्षं आहे आणि मागच्या वर्षीपासून अॅडमिनपण आहे. ज्यांना पेगन म्हणजे काय ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ख्रिस्ती धर्म यायच्या आधी युरोपात जे देव, नद्या, झाडं, ऋतू पुजले जायचे त्यांच्याशी परत नातं जोडू बघणारी ही माणसं. त्यात विक्का या पंथाचे लोक आहेत, जुन्या केल्ट पुरोहितांची वाट धरणारे ड्रुइड आहेत, ओडिन-थॉर या उत्तरेकडच्या देवांना मानणारे हीदन आहेत आणि कशातच न बसणारे तर भरपूर. एक ग्रंथ नाही, एक गुरू नाही, एक देऊळ नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्स मिळून साधारण ७४ हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात पेगन लिहिलं आणि आणखी १३ हजारांनी विक्का. म्हणजे एवढ्या मोठ्या देशात विखुरलेली माणसं, त्यात कित्येकांच्या ऑफिसात नाहीतर सासरी हे कोणाला माहीत नसतं, त्यामुळे ऑनलाइन ग्रुप हाच त्यांचा पार आणि हेच त्यांचं देऊळ. (मी घरी गणपतीही बसवते, मला दोन्हीत काही अडचण वाटत नाही, तो वाद इथे नको.)

आधी आम्ही महिन्यातून एकदा एका पबच्या वरच्या खोलीत भेटायचो, वीस-बावीस जण. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळं डिस्कॉर्ड या चॅट अॅपवर गेलं आणि तिथेच राहिलं. आता मेंबर दीडशेच्या आसपास आहेत आणि बोलणारे सहा.

आणि बोलतात काय, तर पौर्णिमेला चंद्राचा फोटो. त्याखाली चार-पाच जणांचं "ब्लेसेड बी", म्हणजे कल्याण असो. टॅरोचं पान. "झोप येत नाही, कुठला क्रिस्टल उशाशी ठेवू?" "हिरवी मेणबत्ती कशासाठी लावतात?" हे प्रश्न वाईट नाहीत हो, मीही विचारलेत, पण तेच तेच येतं, उत्तरंही तीच, आणि जी जुनी जाणती माणसं आहेत ती हळूहळू बोलायची बंद झाली. कोणी भांडून गेलं असतं तर निदान कळलं तरी असतं. नुसतं नावासमोरचं हिरवं टिंब दिसतं, माणूस वाचत असतो, लिहीत काही नाही.

चांगली चर्चा म्हणजे माझ्या मनात नेमकं काय आहे ते सांगते. इथून जवळ इल्कली नावाचं गाव आहे, व्हार्फ नदीच्या काठी. तिथे रोमन काळातली एक दगडी वेदी सापडलीये, त्यावर व्हर्बेया या देवीचं नाव कोरलंय, रोमन सैन्यातल्या एका तुकडीच्या प्रमुखाने तिला वाहिलेली. शिवाय दोन हातांत दोन लांब साप धरलेल्या बाईची एक झिजलेली शिळा आहे, ती बहुधा हीच देवी. बस्स. हिची ना गोष्ट उरलीये, ना आरती, ना सण. नदीची देवी म्हणून लोक तिला मानतात. तर आमच्यातल्या एका रिटायर्ड नर्सबाईंनी दोन वर्षांपूर्वी ग्रुपवर लिहिलं, मी दर महिन्याला नदीत तिच्यासाठी दूध आणि मध ओतते, पण त्याच पाण्यात वरून सांडपाणी सोडतात, मग मी जे ओततेय ते नक्की कोणाला पोचतंय?

तीन आठवडे चालली ती चर्चा. इल्कलीचा नदीचा पट्टा २०२० च्या डिसेंबरात अधिकृत आंघोळीची जागा म्हणून जाहीर झालाय, इंग्लंडमध्ये नदीवरची ही पहिलीच, गावकऱ्यांनी सांडपाण्याविरुद्ध लावून धरलं म्हणून झालं ते, आणि नंतर तपासणीत पाणी चक्क खराब या वर्गात निघालं. कोणीतरी ते आकडे आणले. कोणी सांगितलं की दूध नदीला चांगलं नाही, त्याने पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो. एकाने विचारलं की नदी घाण झाली तर देवीही घाण होते का, आजारी पडते का, की ती वेगळी आणि पाणी वेगळं? मी माझ्या आजीचं लिहिलं. आम्ही नाशिकचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतो, गंगेवर जाऊन येते असं म्हणतो, तर आजी रामकुंडावर पाण्यात पाय टाकायच्या आधी वाकून ओंजळीने पाणी डोळ्यांना लावायची आणि मलाही लावायला लावायची, आणि तीच आजी घरी आल्यावर म्हणायची, जा आधी आंघोळ कर, पाणी घाण आहे. दोन्ही एकाच तोंडाने. त्यावर जे काय बोलणं झालं ना, मी रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसले होते. शेवटी नर्सबाईंनी दूध बंद केलं. आता जाताना त्या चिमटा आणि पिशवी घेऊन जातात, अर्धा तास काठावरचा कचरा उचलतात आणि मग फक्त ओंजळभर पाणी उचलून परत सोडतात. हे मला हवंय. असं परत व्हावं.

आता बिघडलं कुठे. मला वाटतं मार्चमध्ये. वसंत संपाताला, म्हणजे इथे ज्याला ओस्टारा म्हणतात तेव्हा, एका नवीन मुलीने खूप उत्साहाने लिहिलं की ओस्टारा ही प्राचीन देवी, ईस्टरचा ससा तिचा, अंडी तिची, आणि ती म्हणजेच बाबिलोनची देवी इश्तार. दरवर्षी हे कोणी ना कोणी टाकतंच. खरं असं आहे की या देवीचं जुनं इंग्रजी नाव इओस्त्रे, आणि तिचा उल्लेख जुन्या लिखाणात एकाच ठिकाणी आहे, बीड नावाच्या ख्रिस्ती संन्याशाने इसवी सन ७२५ मध्ये महिन्यांची नावं समजावताना एक-दोन वाक्यं लिहिली, तेवढीच. ओस्टारा हे रूप याकोब ग्रिम या जर्मन अभ्यासकाने १८३५ मध्ये अंदाजाने मांडलं, ससा-अंडी तिला नंतर चिकटली, आणि इश्तारशी फक्त नावाचा आवाज जुळतो. तर आमच्या एका अभ्यासू मेंबरने तिला हे सगळं सांगितलं. मुद्दे सगळे बरोबर. पण सूर असा की वर्गात उभं करून छडी मारावी. शेवटी "आधी वाचा, मग लिहा". त्याला बारा लाइक. मुलगी त्याच रात्री ग्रुप सोडून गेली आणि मी अॅडमिन असून गप्प बसले, कारण मुद्दे बरोबर होते ना, मग काय बोलणार असं वाटलं. हे मला अजून टोचतं.

तेव्हापासून काय झालंय की नवीन लोक घाबरून फक्त फोटो टाकतात आणि जुने लोक "यांना काय सांगायचं" म्हणून गप्प. त्यात आणखी दोन अडचणी. आमच्यातल्या तिघा-चौघांची विक्काच्या जुन्या परंपरेत रीतसर दीक्षा झालीये, ते शपथेने बांधलेले असतात, आतल्या विधींबद्दल बाहेर बोलू शकत नाहीत, त्यामुळे ज्यांना सगळ्यात जास्त माहितीये त्यांचंच तोंड बंद. आणि मध्येच एखादा येतो जो म्हणतो उत्तरेकडचे देव फक्त उत्तरेकडच्या रक्ताच्या लोकांचे. त्यांना मी सरळ काढते, तिथे माझा विचार पक्का आहे, पण प्रत्येक वेळी नंतर आठवडाभर ग्रुपवर स्मशानशांतता.

तुमच्यापैकी कोणी वाचनकट्टा, भजनी मंडळ, ट्रेकिंग ग्रुप, काहीही चालवलं असेल तर सांगा ना. चुकीची माहिती सुधारायची पण माणूस घालवायचा नाही, हे कसं करता? आणि मी एकटी रोज प्रश्न टाकून टाकून थकलेय, त्याचं काय करू?

---

देहूरोडकर

ताई, तुमचा धर्म मला ठाऊक नाही पण दुखणं ओळखीचं आहे. आम्ही सात वर्षं ज्ञानेश्वरीचा ऑनलाइन गट चालवतोय, पुणे, दुबई, न्यू जर्सी असे मिळून तीस जण. आमचंही सुरुवातीला "राम कृष्ण हरी" आणि हात जोडलेले इमोजी एवढ्यावर आलं होतं.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. गावाकडे हरिनाम सप्ताहात वीणा असते, ती सात दिवस खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, पाया पडतो, वीणा गळ्यात घेतो. कोणी एक जण सात दिवस उभा राहत नाही आणि राहूही शकणार नाही. आम्ही हेच केलं. दर आठवड्याला एकाचा पहारा. त्याने एक ओवी आणायची आणि फक्त एवढंच लिहायचं की मी इथे अडकलो. अर्थ सांगायचा नाही. अर्थ सांगितला की लोक वा वा म्हणून निघून जातात, अडकलो म्हटलं की सोडवायला धावतात. तुमच्या नर्सबाईंनी बघा हेच केलं होतं, त्यांनी माहिती दिली नाही, त्या अडकल्या होत्या.

ज्यांचा पहारा असतो त्यांना मी दोन दिवस आधी फोन करतो, मेसेज नाही, फोन. निम्मं काम तिथेच होतं.

---

सह्यवेडा

आमचा किल्ल्यांचा ग्रुप आहे, तिथे सूर्यास्ताच्या फोटोंचा पूर यायचा. बंदी घालून बघितली, लोक रुसले. मग फोटोंसाठी वेगळं चॅनेल केलं आणि मुख्य ठिकाणी फोटो टाकायचा तर सोबत तीन ओळी सक्तीच्या: कुठला, तिथे काय बघितलं, आणि काय कळलं नाही. तिसरी ओळ महत्त्वाची. एका पोराने टाक्याचा फोटो टाकून लिहिलं की कडेला ही गोल भोकं कशाला ते कळलं नाही, त्यावर चार दिवस चर्चा, एक आजोबा तर स्वतःच्या जुन्या वहीतली चित्रं काढून घेऊन आले.

नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एका जागी लिहून वर पिन करून ठेवा. पण नवीन माणसाला नुसती त्याची लिंक फेकू नका. आधी दोन शब्द बोला, मग लिंक.

---

राइनकाठची

गंगाकाठ, मी जर्मनीत बॉनजवळ राहते आणि मी स्वतः या वाटेवर आहे, म्हणून तुझी पोस्ट वाचून राहवलं नाही.

आमच्या भागात रोमन काळातल्या मात्रोने, म्हणजे माऊल्यांच्या शिळा ढिगाने आहेत. तीन बायका शेजारी शेजारी बसलेल्या, मांडीवर फळांच्या टोपल्या, कडेच्या दोघींच्या डोक्यावर मोठ्ठी गोल टोपी आणि मधलीचे केस मोकळे. मला पहिल्यांदा बघून विहिरीकाठच्या साती आसराच आठवल्या. नेटर्सहाइमच्या जागी आजही लोक फुलं, सफरचंदं ठेवून जातात. आता तुझ्या ओस्टाराच्या भांडणाशी याचा संबंध बघ. १९५८ मध्ये मोर्केन-हार्फजवळ दीडशेहून जास्त शिलालेख सापडले, ऑस्ट्रियाहेने नावाच्या माऊल्यांचे, आणि हे नाव इओस्त्रेच्याच मुळातलं असावं असं काही अभ्यासक मांडतात. म्हणजे त्या मुलीची माहिती चुकीची होती, पण तिला "अगं, इश्तार नाही, पण हे बघ काय सापडलंय" म्हणता आलं असतं की नाही? चूक खोडायची तर त्या जागी काहीतरी ठेवावं लागतं.

आमच्या गटात आम्ही तीन शब्द ठरवलेत आणि प्रत्येकाने आपल्या वाक्याला त्यातला एक लावायचा. लिहिलेलं, म्हणजे जुन्या लेखात किंवा दगडावर आहे. लावलेलं, म्हणजे अभ्यासकांनी जोडून काढलेला अंदाज. आणि आलेलं, म्हणजे मला ध्यानात, स्वप्नात, नदीकाठी जे जाणवलं ते. इंग्रजीतले पेगन या तिसऱ्याला यूपीजी (अनव्हेरिफाइड पर्सनल ग्नोसिस) म्हणतात, तुला माहीत असेलच. "आलेलं" म्हटलं की त्यावर पुरावा मागायचा नाही, पण "आलेलं" हे "लिहिलेलं" म्हणून खपवायचंही नाही. भांडणं एकदम उतरली. आणि तुझ्या शपथवाल्या मंडळींनाही यातून वाट मिळते, त्यांनी विधी सांगूच नयेत, पण नदीकाठी, जंगलात त्यांना स्वतःला काय आलं ते शपथेत येत नाही, ते सांगू शकतात. विचारून बघ.

एक आगाऊपणे विचारू? त्या मुलीला नंतर कोणी मेसेज केला का?

---

गंगाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. राइनकाठची, नव्हता केला. तुझं वाचून काल रात्री केला, फक्त एवढंच की मी तेव्हा बोलायला हवं होतं, बोलले नाही, माफ कर. आणि ऑस्ट्रियाहेने माऊल्यांचं पाठवलं. सकाळी उत्तर आलं. म्हणाली चूक दाखवली त्याचं काही नाही वाटलं, पण ते बारा लाइक मी मोजले होते. परत येईन का सांगत नाही म्हणाली, पण त्या तीन बायकांचा फोटो आहे का विचारलंय. तुझ्याकडे असेल तर मला पाठव.

देहूरोडकर दादा, पहाऱ्याचं आज दोघांना फोन करून सांगितलं. वीणा समजावताना जरा वेळ लागला पण नर्सबाई लगेच हो म्हणाल्या, पहिला पहारा त्यांचाच, ३१ ऑक्टोबरच्या सावेनच्या आठवड्यात. पितरांचा काळ असतो तो इथे, जेवताना एक पान जास्तीचं वाढतात. त्यांना विचारायचंय की ज्या आईवडिलांशी आयुष्यभर पटलं नाही त्यांच्यासाठी ते पान वाढायचं का. मला तर आत्ताच लिहायला सुचतंय, आपल्याकडे सर्वपित्रीला काय करतात ते, पण त्यांचा पहारा आहे म्हणून थांबलेय.

तीन शब्दांचं आज रात्री ग्रुपवर मांडते. लिहिलेलं आणि आलेलं यांना इंग्रजीत शब्द सापडले, लावलेलं ला सापडत नाहीये, कोणाला सुचतोय का? आणि सह्यवेडा, तुमच्या ग्रुपवरचा तो पिन केलेला मजकूर इथे टाकाल का, मला त्याचा साचा वापरायचाय.