तांब्याच्या नाण्यावर हिरवी भुकटी: काढू की राहू देऊ?

नवा_गडी: प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलेली जुनी नाणी आहेत. चांदीच्या दोन नाण्यांवर काळपट थर, तांब्याच्या दोन नाण्यांवर चिकट हिरवा लेप. आणखी एका तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवे ठिपके. बोट लावलं की पीठ निघतं. लिंबू-मीठ चालेल, की ब्रासो?

टांकसाळ: दोन्ही नको. आंबट काहीही लावलं की तपकिरी पॅटिना (वर्षानुवर्षं आपोआप बसलेला थर) जाते आणि खालचं गुलाबी तांबं उघडं पडतं. जुन्या नाण्यावर तो रंग लगेच ओळखू येतो. ब्रासोत घासणारी बारीक पूड असते. भिंगाखाली तिचे केसासारखे ओरखडे दिसतात, आणि ते पुन्हा बुजत नाहीत.

चिकट लेप म्हणजे पाकिटाच्या पीव्हीसी प्लॅस्टिकमधून सुटलेला चिकटा. काचेच्या वाटीत शुद्ध अ‍ॅसिटोन घ्या, नाणं १०-१५ मिनिटं बुडवा, मग दुसऱ्या वाटीतल्या ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये खळबळून काढा. ही दुसरी बुडी टाळू नका. पहिलं अ‍ॅसिटोन नाण्यावरच वाळलं तर विरघळलेला चिकटा पुन्हा तिथेच बसतो. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको.

साध्या मातीला डिस्टिल्ड वॉटर पुरतं. नाणं त्यात भिजत ठेवा, पाणी दोन-तीन दिवसांनी बदलत राहा. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतं, आणि तांब्याला तेच बाधतं. नाणं कडेनं धरा आणि पुसू नका, टिपून घ्या.

भिंगवाला: पिठाळ ठिपके ही वेगळी भानगड आहे: ब्रॉन्झ डिसीज. कडक, घट्ट चिकटलेला हिरवा थर बहुधा स्थिर असतो, त्याला हात लावू नका. पीठ पडतंय म्हणजे आतलं क्युप्रस क्लोराइड (तांबं आणि क्लोरीन यांचं संयुग) दमट हवेत फुटतंय. त्यातून आम्ल सुटतं, ते आणखी तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड, असं चक्र चालू राहतं. नुसतं पीठ झटकून ते थांबत नाही.

१० पट भिंगाखाली लाकडी टूथपिकनं सुटी भुकटी काढा, सुई नको. मग १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये २२ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि २८ ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा विरघळवून त्यात बुडवून ठेवा, दर आठवड्याला द्रावण बदला. काही आठवडे लागतात, कधी महिनेही. रंग थोडा गडद होऊ शकतो, ही किंमत मोजावीच लागते. शेवटी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवा, अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून पाणी घालवा आणि वाळवा.

बरं झालं का, हे असं बघा: ओल्या कापसाच्या बोळ्यासोबत, पण त्याला न टेकवता, नाणं बंद बरणीत दोन दिवस ठेवा. पुन्हा हिरवे दाणे उगवले, तर पुन्हा द्रावणात.

नवा_गडी: आणि चांदी? अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि सोड्याची युक्ती ऐकली आहे.

टांकसाळ: काळं म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, फॉइलनं ते पुन्हा चांदी होतं हे खरं. पण पृष्ठभाग पांढराफटक, मेल्यासारखा दिसतो. थर सारखा असेल तर राहू द्या, उलट तो लोकांना आवडतो.

जुनी_पेटी: तांब्याला ऑलिव्ह तेल राहिलं की!

भिंगवाला: त्यातली मुक्त फॅटी आम्लंही हळूहळू पॅटिना खातात. तेलच वापरायचं तर शुद्ध खनिज तेल घ्या. पिठाळ नाण्याला मात्र तेल लावू नका, क्लोराइड खाली तसंच राहतं. नाणं पीव्हीसी नसलेल्या पाकिटात, सिलिका जेलसोबत, ४० टक्क्यांखालच्या आर्द्रतेत ठेवा.