मदत हवी आहे: अलाइनमेंट करूनही गाडी उजवीकडे ओढते, डावं पुढचं टायर आतून खातंय

कळे_रोड

नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट डिझेल, 2013 ची, 1,30,000 किमी झालेत. कोल्हापूर–बालिंगा–कळे–साळवण हा रोजचा रस्ता, आणि सुट्टीला कधी कधी पुढं गगनबावड्यापर्यंत. आता उसाचा हंगाम, त्यामुळं ट्रॉल्यांना साईड देताना डावी चाकं डांबराच्या कडेवरून खाली उतरतातच, त्याला इलाज नाही.

दिवाळीआधी क्लचप्लेट बदलली. गिअरबॉक्स उतरवून काम झालं. गाडी परत मिळाली तेव्हा स्टिअरिंग वाकडं आणि हात सोडला की गाडी उजवीकडे. अलाइनमेंट (चाकांचे कोन मशीनवर जुळवणं) करून घेतलं. स्टिअरिंग सरळ झालं, ओढणं गेलं नाही. परत गेलो. अलाइनमेंटवाल्यांचं म्हणणं, "टो बरोबर आहे, सगळं हिरवं दाखवतंय, कॅम्बर या गाडीला सेट होत नाही." (टो म्हणजे वरून बघितलं तर चाकं आत-बाहेर किती वळलेली, कॅम्बर म्हणजे समोरून बघितलं तर चाक किती झुकलेलं; उणे म्हणजे वरून आत.) गॅरेजवाल्यांचं म्हणणं, टायर बदला. या दोघांच्या मध्ये मी आणि डावं पुढचं टायर. ते आतल्या कडेनं इतकं गुळगुळीत झालंय की बोट फिरवलं तर नक्षी हाताला लागत नाही. बाहेरची कड मात्र चांगली आहे.

घरी काय काय तपासलं ते सांगतो, म्हणजे तेच प्रश्न परत यायला नकोत. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरली. पुढची दोन्ही टायरं आपसात बदलून पाहिली, तरी ओढ उजवीकडेच, म्हणजे टायरचा दोष नाही. वीसेक किलोमीटर चालवून रिमला हात लावला, दोन्ही बाजू सारख्याच कोमट, म्हणजे ब्रेक धरत नाही. जॅकवर उचलून खाली स्टँड लावला आणि चाक आडवं धरून हलवलं, वर-खाली धरून हलवलं. ढिलेपणा कुठंच नाही.

एक गोष्ट मात्र सापडली. रिव्हर्स घेऊन ब्रेक दाबला की डावीकडून "खट्" असा एकच आवाज येतो. डाव्या लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या आडव्या दांड्याच्या) मागच्या बुशला, म्हणजे रबरी जोडाला, पहार लावून बघितलं तर रबराला अर्ध्या गोलात चीर गेलेली दिसली.

अलाइनमेंटच्या कागदावरचे आकडे असे:

पुढचा कॅम्बर: डावा −0°40', उजवा +0°05'
कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा बाजूनं दिसणारा पुढं-मागं कल): दोन्ही बाजू जवळपास सारखा
एकूण टो: +0°04'
मागची चाकं: काही विशेष नाही, थ्रस्ट अँगल (मागची चाकं गाडीला तिरकी ढकलतात तो कोन) नगण्य

आता विचारायचं हे की बुश बदलला की ओढणं जाईल का? लोअर आर्म घरी काढता येतो का? पाने, सॉकेट सेट, दोन स्टँड आणि टॉर्क पाना आहे. आणि दोरी लावून टो घरी मोजतात म्हणे, त्यावर कितपत विसंबावं?

घाटमाथा

रस्त्याचा उतार असेल. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतोच. उगाच खोलात जाऊ नका.

कळे_रोड

उतार डावीकडे असतो ना दादा. आपण डाव्या बाजूनं चालवतो, तेव्हा गाडी डावीकडे जायला पाहिजे. माझी चढाच्या बाजूला जातेय. हायवेला कागलच्या दिशेनं सपाट लेन बघून पण चालवली, उजवीकडेच.

कट_वेगळा

भावा, आदुगर माझी बी अशीच वडत हुती. कॅम्बर बोल्ट मिळत्यात बाजारात. स्ट्रट (शॉकअपचा उभा दांडा) आणि नकल (चाक बसतंय त्यो लोखंडी तुकडा) यांच्या जोडावर वरचा बोल्ट काढायचा आणि त्यो टाकायचा, फिरवला की कॅम्बर हलतंय. अर्ध्या तासाचं काम. माझी गाडी आता रेघंत चालत्या. कशाला एवढा व्याप करतोय?

लेथवाला

कॅम्बर बोल्ट वाईट नाही, पण तो शेवटचा उपाय. कोन कशामुळं बिघडला ते न बघता बोल्ट टाकला तर आकडा सुधारतो आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

कळे_रोड, तुम्ही कागद दिला हे बरं केलं. निम्मे लोक "अलाइनमेंट केलंय" एवढंच सांगतात. आता आकडे वाचू. डावा −40 मिनिटं, उजवा +5. दोन्ही आपापल्या मर्यादेत आहेत, म्हणून मशीन हिरवं दाखवतं. पण मशीन एकेका चाकाकडं बघतं आणि गाडी दोन्ही चाकांवर चालते. दोघांतला फरक झाला 45 मिनिटं, म्हणजे पाऊण अंश. अर्ध्या अंशाच्या वर फरक गेला की बहुतेक गाड्या ओढायला लागतात, आणि ज्या बाजूचा कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह तिकडं ओढतात. तुमचा उजवा पॉझिटिव्ह, गाडी उजवीकडं. डावं चाक वरून आत झुकलंय, म्हणून त्याची आतली कड जातेय. सगळं एकाच गोष्टीकडं बोट दाखवतंय.

आणि ती गोष्ट बुश नाही. डावा मागचा बुश सैल असेल तर ब्रेक दाबल्यावर डावं चाक मागं सरकतं, त्या बाजूचा कॅस्टर कमी होतो आणि गाडी डावीकडं झुकते. तुमची ब्रेक न दाबता उजवीकडं जाते. दुखणी दोन आहेत. "खट्" आवाज बुशचा, ओढणं दुसऱ्या कशाचं तरी.

दुसरं काय, ते तुम्हीच लिहून ठेवलंय: क्लचनंतर सुरू झालं. गिअरबॉक्स उतरवताना इंजिनखालची फ्रेम सैल केली होती का, किंवा खाली घेतली होती का, ते विचारा. दोन्ही लोअर आर्म त्याच फ्रेमला असतात, आणि बऱ्याच छोट्या गाड्यांत स्टिअरिंग रॅकही (स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळवणारी आडवी दांडी). बोल्टाच्या भोकात थोडी मोकळीक असते. परत बसवताना फ्रेम 4 मिमी डावीकडं बसली तर डाव्या चाकाचा तळ 4 मिमी बाहेर जातो आणि उजव्याचा तेवढाच आत येतो. बॉल जॉइंटपासून (आर्म आणि नकल यांच्या सांध्यापासून) स्ट्रटच्या वरच्या टोकापर्यंत साधारण 600 मिमी धरा, म्हणजे प्रत्येक बाजूला 22-23 मिनिटांचा फरक. दोन्ही मिळून 45. हिशेब जुळतो की नाही बघा. रॅकही सरकतो, म्हणून स्टिअरिंग वाकडं आलं होतं. त्यांनी टाय रॉड (रॅकपासून चाकापर्यंतचा दांडा) फिरवून ते सरळ केलं, टो जुळवला, आणि फ्रेम राहिली तिथंच.

खात्रीसाठी अलाइनमेंटवाल्याला स्टिअरिंग अक्षाचा कोन (चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा समोरून दिसणारा कल) काढायला सांगा. बरीच मशीनं तो मोजतात, पण विचारल्याशिवाय कुणी दाखवत नाही. डावीकडं तो कोन वाढलेला आणि उजवीकडं तेवढाच कमी झालेला, पण कॅम्बरसकट बेरीज दोन्हीकडं सारखी, असं असेल तर फ्रेम सरकलीय. बेरीजच वेगळी आली तर नकल किंवा स्ट्रट वाकलाय. मग कडेला उतरताना कुठला दगड लागला ते आठवायला घ्या.

फ्रेमचं काम मात्र घरी नको. इंजिनचा एक आधार तिच्यावर असतो आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली झोपून ते बोल्ट सैल करायचे नसतात. लिफ्ट असलेल्या ठिकाणी करा.

कट_वेगळा

हे आपल्याला ठावं नव्हतं गड्या. म्हणजे माझ्या बी गाडीची फ्रेमच सरकलेली असंल?

लेथवाला

असंल की. कागद असेल तर टाका हितं.

पन्हाळा_थर्ड_गिअर

लोअर आर्मचं मी सांगतो, घरी केलंय. अवघड नाही, पण दोन ठिकाणी लोक घोळ घालतात.

पहिलं बॉल जॉइंट सोडवताना. काट्यासारखी पाचर मारून काढतात, त्यात रबरी बूट फाटतो. आर्म टाकून देणार असाल तर चालेल, तोच परत लावायचा असेल तर चालणार नाही. क्लॅम्प बोल्ट पूर्ण काढा, नकलच्या खाचेत छिन्नीनं किंचित फट करा आणि आर्म पहारीनं खाली दाबा. गंजलेला असेल तर आदल्या रात्री तेल मारून ठेवा. आपल्याकडच्या पावसात गंजलेला असतोच, गगनबावड्याकडं फिरणाऱ्या गाडीत तर हमखास.

दुसरं जास्त महत्त्वाचं. बुशचे बोल्ट चाक हवेत लटकत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. या बुशमध्ये आतली लोखंडी नळी आणि बाहेरचं कडं यांना रबर चिकटवलेलं असतं. आर्म हलतो तेव्हा नळी फिरत नाही, रबर पिळलं जातं. चाक खाली लोंबत असताना बोल्ट आवळला की नळी त्या जागी पकडली जाते. मग गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं. नवा बुश वर्षाच्या आत चिरतो आणि आपण पार्टला शिव्या घालतो. बोल्ट हातानं बसवा, गाडी चाकांवर आणा, पुढून दोनदा दाबून बसू द्या, मग टॉर्क पान्यानं आवळा. खाली हात जाण्याइतकी जागा हवी असेल तर दोन्ही पुढच्या चाकांखाली जाड फळ्या घ्या आणि मागच्या चाकांना उटी लावा. नायलॉनचे नट परत वापरू नका.

नुसता बुश बदलायचा तर प्रेस लागतो. उद्यमनगरात प्रेसवाले आहेत, आर्म घेऊन गेलात तर बुश काढून बसवून देतात. पण सव्वा लाखाच्या वर चाललेली गाडी आहे, बॉल जॉइंट पण तेवढाच जुना. मी असतो तर पूर्ण आर्म घेतला असता, शक्यतो दोन्ही बाजूंचे.

दोरीचं विचारलंत. पद्धत बरोबर आहे. दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर, एकमेकींना समांतर दोऱ्या ताणायच्या आणि रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासूनचं अंतर मोजायचं. पण 14 इंची रिमची कड ते कड साधारण 390 मिमी. तिथं मोजपट्टी वाचताना 1 मिमी चुकलात तर जवळपास 9 मिनिटं चुकलात. तुमचा एकूण टोच 4 मिनिटं आहे. टाय रॉड एंड बदलल्यावर दुकानापर्यंत धड गाडी नेता यावी, एवढ्यासाठी दोरी ठीक. टाय रॉड काढण्याआधी लॉकनटच्या जागी रंगाची खूण करा आणि सोडवताना फेरे मोजा, त्यानंच निम्मं काम होतं.

कळे_रोड

सगळ्यांचे आभार. काल लिफ्टवर घेतली. फिटर माझ्या ओळखीतला, त्याला लेथवाला दादांचा प्रतिसाद वाचून दाखवला. आधी हसला. मग फ्रेमच्या बोल्टावर बॅटरी मारली आणि गप्प झाला. बोल्टाच्या वॉशरची जुनी छाप खाली पत्र्यावर दिसत होती, आणि आत्ताचा वॉशर तिच्यावर नीट बसलेला नव्हता. डाव्या बाजूनं जुन्या छापेचा चकचकीत भाग चंद्रकोरीसारखा उघडा पडला होता. चारही ठिकाणी त्याच बाजूला. फ्रेम डावीकडेच सरकलेली.

स्टिअरिंगच्या अक्षाचा कोनही आधी मोजून घेतला होता. डावीकडे जास्त, उजवीकडे कमी, बेरीज सारखी. जसं सांगितलं होतं तसंच.

बोल्ट सैल करून फ्रेम पहारीनं उजवीकडे सारली, जुन्या छापेवर वॉशर आणले, परत आवळलं. मग अलाइनमेंट:

कॅम्बर: डावा −0°18', उजवा −0°17'

टो बराच बिघडला होता, तो परत सेट केला. कात्यायनीच्या रस्त्यानं चालवून आलो. आता हात सोडला की गाडी सरळ जाते, रस्ता उतरता असेल तिथं किंचित डावीकडे. "खट्" आहेच. दोन्ही आर्म मागवलेत.

क्लचवाल्या गॅरेजला फोन केला. ते म्हणाले, "फ्रेम आम्ही काढलीच नव्हती." असो.

आता शेवटचं विचारतो. ते आतून गेलेलं टायर मागच्या बाजूला टाकून संपवू का? बाहेरून बघितलं तर निम्म्याहून जास्त नक्षी आहे.

लेथवाला

बाहेरून बघू नका, आतून बघा. खोबणीच्या तळाशी आडव्या पट्ट्या असतात, 1.6 मिमीच्या खुणा. आतल्या कडेची नक्षी त्या पट्ट्यांना टेकली असेल तर टायर संपलं, बाकीची रुंदी कितीही चांगली असू दे. तुम्ही म्हणालात बोटाला नक्षी लागत नाही, म्हणजे टेकलेलंच आहे. मागं टाकलंत तर पावसात घाटाच्या वळणावर मागची बाजू निसटेल, आणि ते पुढची निसटण्यापेक्षा वाईट.

पन्हाळा_थर्ड_गिअर

स्टेपनीत पण ठेवू नका. स्टेपनी लागते तेव्हा रात्र असते, पाऊस असतो आणि पुढं उसाची ट्रॉली असते. नवी दोन घ्या आणि ती मागं टाका, मागची बरी असलेली पुढं आणा. आर्म बसवून परत अलाइनमेंट झाल्यावर मगच टायरं घ्या. आणि आर्म बसवल्यावर आकडे टाका इथं, उजव्या बुशची अवस्था पण बघून सांगा.