पित्ताशयाचे खडे, ऑपरेशन आणि त्यानंतरचे महिने: अनुभवी लोकांनी लिहा

त्रास असलेले, ऑपरेशन झालेले, रुग्णाची काळजी घेणारे, सगळ्यांनी लिहा. फक्त 'काळजी घ्या'च्या पुढचं लिहा.

*

सुरुवातीला बहुतेकजण याला ऍसिडिटीच समजतात. पित्ताशयाची कळ उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात मधोमध उठते आणि उजव्या खांद्याच्या पात्याखाली जाते. तेलकट जेवणानंतर, बऱ्याचदा रात्री. अर्धा तास ते चार-पाच तास सलग दुखतं. कूस बदलली, ढेकर आली, पोट साफ झालं, तरी उतार पडत नाही. स्निग्ध पदार्थ पोटात गेले की पित्ताशय आकुंचन पावतं आणि तोंडाशी अडकलेल्या खड्यामुळे पित्ताला वाट मिळत नाही. खडा मागे सरकला की कळ जाते, म्हणून लोक निर्धास्त होतात.

कळ सहा तासांच्या वर गेली किंवा थंडी वाजून ताप आला, तर पित्ताशयाला सूज असू शकते. डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौच पांढुरकं झालं, तर खडा मुख्य पित्तनलिकेत गेल्याची शंका घ्यायची. दुखणं आरपार पाठीत जाऊन उलट्या थांबत नसतील, तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. यातल्या कशातही सकाळची वाट पाहू नका. 'बारीकच खडे आहेत' यावरही विसंबू नका, नलिकेत घसरतात ते बारीकच.

*

सोनोग्राफीला सहा ते आठ तास उपाशी जायचं, दूधसुद्धा नाही. खाल्लं की पित्ताशय रिकामं होऊन आक्रसतं आणि आतलं नीट दिसत नाही. रिपोर्टमध्ये खड्यांच्या आकाराइतकंच भिंतीच्या जाडीकडे (3 मिमीपेक्षा जास्त म्हणजे जाड) आणि मुख्य नलिकेच्या रुंदीकडे बघा. खडे आहेत पण त्रास कधीच नाही, अशांना सहसा ऑपरेशन लागत नाही.

*

मूतखड्यासारखं भरपूर पाणी पिऊन हे खडे पडत नाहीत, मार्गच वेगळा. तेल आणि लिंबाच्या रसाच्या 'फ्लश'नंतर शौचात दिसणारे हिरवट गोळे बहुधा त्याच तेलाचा झालेला साबण असतो. लोक त्याचे फोटो काढून ठेवतात!

*

पित्ताशय काढायच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर टाक्यांपेक्षा खांदा दुखतो, याची कल्पना कोणी देत नाही. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याने श्वासपटलाखाली जळजळ होते आणि तिथल्या नसेमुळे ती खांद्यात जाणवते. थोडं थोडं चालत राहिलं की दोन-तीन दिवसांत ओसरते.

उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा, मग कोपरावर आणि हातावर भार देऊन उठा. खोकताना, शिंकताना पोटावर उशी घट्ट दाबून धरा. तीव्र वेदनाशामकांनी शौच कडक होतं आणि कुंथल्याने टाक्यांवर ताण येतो, तेव्हा सौम्य रेचक आधीच लिहून घ्या. साधारण चार ते सहा आठवडे पाच किलोच्या वर उचलू नका. पित्ताशय बऱ्याचदा बेंबीच्या छिद्रातून बाहेर काढतात, हर्नियाचा धोकाही तिथेच जास्त.

रोज थोडं बरं वाटायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं उलट वाढलं, पोट फुगलं किंवा ताप आला, तर 'गॅस असेल' म्हणू नका. पित्त आत गळत असू शकतं.

*

पित्त यकृतातच तयार होतं, पित्ताशय फक्त साठवतं. ते गेल्यावर पित्त सतत आतड्यात ठिबकत राहतं आणि काहींना जेवल्याबरोबर पळावं लागतं. स्निग्ध पदार्थ पूर्ण बंद करण्याची गरज नसते. ते एका जेवणात न कोंबता दिवसभरात विभागा. जुलाब काही आठवडे टिकले, तर डॉक्टरांना पित्ताम्लामुळे होणाऱ्या जुलाबांबद्दल विचारा. त्यावर कोलेस्टायरामिनची पावडर चालते, पण ती इतर औषधंही धरून ठेवते. म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर.

*

काढलेल्या पित्ताशयाचा बायॉप्सी रिपोर्ट मागून घ्या, टाके सुकले की लोक विसरतात. आणि वर्षांनंतर तीच जुनी कळ आली, तर 'पित्ताशयच नाही' म्हणून गप्प बसू नका. नलिकेत राहिलेला किंवा नव्याने झालेला खडा असू शकतो. एमआरसीपीत (पित्तनलिकांचा एमआरआय) तो दिसतो आणि ईआरसीपीने (तोंडावाटे दुर्बीण घालून) बहुतेकदा पोट न कापता काढता येतो.