खरं यूबी ४० कुठलं?

बेसुरा_बाळ्या
मंडळी एक शंका. परवा यूट्यूबवर यूबी ४० या ब्रिटिश बँडची कॉन्सर्ट लावली तर गायक भलताच. खाली कमेंटमध्ये नुसती हाणामारी, हे डुप्लिकेट, अलीवाले खरे वगैरे. बँड दोन आहेत की काय? आणि ऐकायला सुरुवात कुठून करू, मला ते एक रेड रेड वाईन सोडलं तर काही माहीत नाही

ऑफबीट
दोन आहेत. अली कॅम्पबेल २००८ ला मॅनेजमेंटवरून वाजलं म्हणून बाहेर पडला आणि त्याच्या जागी गायला कोण आला, तर सख्खा भाऊ डंकन! पुढे २०१३ ला बँडमधला दुसरा गायक अ‍ॅस्ट्रोपण फुटून अलीकडे गेला, त्यांनी त्याच नावाने वेगळी चूल मांडली, मग नावासाठी कोर्ट. तिसरा भाऊ रॉबिन जुन्या बँडमध्येच गिटारवर. थोडक्यात भाऊबंदकी. त्यात २०२१ ला सॅक्सोफोनवाला ब्रायन ट्रॅव्हर्स गेला, नंतर अ‍ॅस्ट्रोपण गेला, आता खरं-खोटं कशाला करायचं

डबप्रेमी
खरं यूबी ४० म्हणजे १९८० चा साइनिंग ऑफ हा पहिला अल्बम, बस्स. बर्मिंगहॅमची बेकार पोरं, बँडचं नावच मुळी बेकारी भत्त्याच्या फॉर्मवरून, आणि कव्हरवर पण तोच फॉर्म छापलाय. अलीला पबमधल्या मारामारीत लागलं होतं त्याची भरपाई आली ४,००० पाउंड, त्यातून वाद्यं घेतली. रेकॉर्डिंग निर्माता बॉब लॅम्बच्या एका खोलीच्या घरात, जागा पुरेना म्हणून नॉर्मन हसनला तालवाद्यं घेऊन बागेत बसवलं, तो सांगतो की त्याचा ट्रॅक सुटा काढला तर मागे पाखरं ऐकू येतात 😄 १९८३ च्या लेबर ऑफ लव्ह अल्बमपासून कव्हर गाण्यांची (म्हणजे दुसऱ्यांची गाणी आपण गायची) चटक लागली आणि मजा गेली (माझं मत, शिव्या नकोत)

ऑफबीट
चटक कसली, ती लहानपणी ऐकलेली रेगे (जमैकन संगीत) गाणी होती त्यांची. रेड रेड वाईन मूळचं नील डायमंडचं आहे हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं, टोनी ट्राइबचं रेगे व्हर्जनच ऐकलेलं. ब्रिटनमध्ये १९८३ ला नंबर १, अमेरिकेत तेच गाणं १९८८ ला, पाच वर्षांनी!

बेसुरा_बाळ्या
धन्यवाद दोघांना. साइनिंग ऑफ लावलाय, दोनदा झाला, पाखरं काय ऐकू येईनात

डबप्रेमी
सुटा ट्रॅक म्हटलं होतं रे बाबा