मदत हवी आहे : पहाटे पिकअप पटकन चालू होत नाही

राम राम मंडळी. गाडी डिझेल पिकअप, २०१६ची, २ लाख किलोमीटरच्या पुढं गेलेली. पहाटे चारला मेथी-कोथिंबीर भरून जिंतूरहून परभणीला निघायचं असतं, आणि थंडी पडल्यापासून हिचे नखरे सुरू. स्टार्टर जोरात फिरतो, पण तीन-चार सेल मारल्यावर कुठं उठते, तेही एका सिलिंडरवर लंगडत. मागून डोळ्याला झोंबणारा पांढरा धूर. मिनिटभरानं सुतासारखी सरळ. दुपारी मात्र अर्ध्या सेलला चालू. (पोरगं म्हणतंय, बोनेटवर गोधडी टाका.)

बॅटरी नवीन आहे. सेल मारतानाही १०.४ व्होल्ट दाखवते. डिझेल फिल्टर बदलला. डिझेल ओढायचा हातपंप सकाळी दाबून बघितला, कडकच लागतो, म्हणजे लाइनीत हवा नसावी.

मिस्त्री थेट इंजेक्टर खोलायचं म्हणतोय. मला संशय हीटर प्लगचा (थंडीत चालू करताना सिलिंडर आतून तापवतात ते). चारही प्लगना जोडणारी पट्टी काढून एकेक प्लग मल्टिमीटरवर तपासला तर चांगल्याचे ओहम किती यावेत? चारही प्लग चांगले निघाले तर पुढं रिले (प्लगना करंट सोडणारा स्विच) बघू की कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब)?