मदत हवी आहे: माळकरी वडील आणि स्वादुपिंडाच्या कॅप्सूल

माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षभरात त्यांचे वजन ६७ किलोवरून ५४ किलोवर आले. जेवण नेहमीसारखेच होते, पण दिवसातून चार-पाचदा फिकट, उग्र वासाचे शौच होई, पाण्यावर तेलाचा तवंग दिसे आणि दोन बादल्या ओतूनही भांडे चिकटच राही. आम्ही ते अपचन समजून कित्येक महिने ओवा आणि ताकावर काढले, याची मला फार खंत वाटते. अखेर शौचातील इलास्टेज (स्वादुपिंडात तयार होणारे पाचक एन्झाइम) तपासले. ते प्रतिग्रॅम २०० मायक्रोग्रॅमच्या वर हवे, वडिलांचे ४० निघाले. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडात खडे दिसले.

डॉक्टरांनी सांगितले की निरोगी स्वादुपिंड रोज लिटरभराहून अधिक रस लहान आतड्याच्या सुरुवातीला सोडते. त्यातील बायकार्बोनेट जठरातून आलेले आम्ल शमवते आणि एन्झाइम अन्नाचे विघटन करतात. पिष्टाला लाळेची आणि प्रथिनांना जठररसाची थोडीफार मदत मिळते, पण स्निग्ध पदार्थांची भिस्त मुख्यतः स्वादुपिंडाच्या लायपेज या एन्झाइमवर असल्यामुळे तेच सर्वांत आधी पचेनासे होतात आणि त्यांच्याबरोबर अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वेही वाया जातात.

आता हे एन्झाइम बाहेरून देण्यासाठी मुख्य जेवणाला २५,००० युनिटच्या दोन कॅप्सूल आणि मधल्या खाण्याला एक, असे सुरू आहे. दीड महिन्यात तीन किलो वजन वाढले, तवंग गेला.

अडचण निराळीच आहे. या कॅप्सूलमधील एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेले असतात, हे मला खोक्यावरील मजकूर वाचून कळले. वडिलांच्या गळ्यात तीस वर्षे तुळशीची माळ आहे, आषाढीची वारी त्यांनी क्वचितच चुकवली. त्यांच्यापासून हे लपवणे मला योग्य वाटत नाही, पण सांगितले तर ते औषध सोडतील ही भीती आहे. दुकानदाराने बुरशीपासून केलेल्या डायस्टेजचे पाचक सरबत सुचवले. ते मुख्यतः पिष्ट पचवते, त्यामुळे लायपेजची उणीव त्याने कशी भरून निघणार?

कोणाच्या घरी माळकरी, जैन किंवा मुस्लिम रुग्णावर हा प्रसंग आला आहे का? त्यांना हे कसे सांगितले आणि त्यांनी काय ठरवले? दुसरे असे की वडील सावकाश, पाऊण तास जेवतात. दोन्ही कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर द्याव्यात, की एक सुरुवातीला आणि एक मध्यावर? पुढच्या तपासणीला तीन आठवडे आहेत; तेव्हा डॉक्टरांना हे विचारणारच आहे, पण त्याआधी वडिलांशी बोलायचे आहे.